अंबादासचा पेला

अंबादास मिस्त्रीचं माझ्याशी कधीच वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते माझंच. अधारतालच्या मेन रोडवर माझं गॅरेज वीस वर्षांचं, समोरचं त्याचं जेमतेम पाच वर्षांचं, आणि माझी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून त्याच्याकडे जायची. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

त्यात माझे जुने गिऱ्हाईक भय्यासाहेब, त्यांची मागेही सीट असलेली पिकअप त्याच्याकडे गेली. नाल्यापलीकडच्या शेतात जाता यावं म्हणून ती मीच चार इंच उंच करून दिली होती. शेतात झकास चालायची, पण हायवेला लागली की नुसत्या उड्या. त्यांच्या पत्नी शरयूवहिनींना दुखरी पाठ डॉक्टरला दाखवायला गुरुवारी नागपूरला न्यायचं होतं. स्टेशनचे जिने त्यांना चढवत नव्हते, आणि दणका बसता कामा नये ही डॉक्टरची ताकीद. मी दणके झेलणारे नवे शॉकअप घातले, तरी उड्या थांबेनात.

अंबादासने काय केलं? मी भरलेले स्प्रिंगचे कडक कमानपाटे काढून नरम घातले, वाढलेल्या उंचीला पुरतील असे लांब शॉकअप लावले, टायरची हवा थोडी उतरवली. एवढंच! मला का नाही सुचलं?

काम झालं की मागच्या सीटवर कुणा परक्याने पाण्याने काठोकाठ भरलेला पेला धरून बसायचं, ही त्याची रीत. पाणी सांडलं तर गाडी पुन्हा खोलायची. पेला स्वतः धरायचा नाही. म्हणायचा, "आपल्या कामाले आपला हात सांभाळून घेते." बुधवारी सकाळी मी सहज आल्यासारखा डोकावलो, तर पेला माझ्याच हातात आला.

"अच्युतभाऊ, तुमच्यासारखा जाणकार कुठं भेटते? बसा मागं."

भय्यासाहेबांनी गाडी तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे नेली. थेंब सांडला नाही. सांड मेल्या, सांड, असं मी मनात म्हणत होतो. परतताना पुलाच्या सांध्यावर गाडी जराशी हलली आणि मी मनगट झटकलं. अर्धा पेला माझ्या पॅन्टवर.

"म्हणजे उद्याचं जाणं रद्द," भय्यासाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं.

दुपारपर्यंत अंबादासने मागचं सगळं खोललं होतं. जेवलाही नव्हता. न राहवून मी पलीकडे गेलो. माझ्याकडे पाठ करून भय्यासाहेब गाडीखाली वाकून बोलत होते, "अच्युतचाच हात हलला असेल."

"नाही जी," खालून आवाज आला. "त्यांचा हात मले माहीत आहे. चूक माझीच आहे, तेच शोधून राहिलो."

"अंबादास, निघ बाहेर," मी म्हणालो. "पेला मी हलवला. मुद्दाम."

तो बाहेर आला, ग्रीसचे हात पुसले. एखादी शिवी तरी देईल असं वाटलं. दिली असती तर फिटंफाट झाली असती.

"मंग गाडी बरोबर आहे ना?" एवढंच विचारून त्याने पाना माझ्या हातात दिला. "चला, दोघं मिळून लवकर लावू. वहिनींना सकाळीच निघायचं आहे."

त्याच्या कसबाचा हेवा मी कसाबसा पचवला असता. हे मात्र मला आजही पचलेलं नाही.