मुळशीच्या पाण्यातला हात

माझी रूममेट लग्न करून बंगळूरला गेली आणि शनिवार-रविवार एकदम रिकामे झाले. मी मूळची परभणीची. हिंजवडीत नोकरी, जांब्यात भाड्याची खोली, आणि सुट्टीच्या दिवशी बोलायला घरमालकीण नाहीतर मोबाईल. अशाच एका रविवारी मी थायलंडच्या समुद्रात कयाक चालवायला निघालेल्या एका गटात नाव घातलं. त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हते. ओळखीचं कुणी नसणार, हेच तेव्हा बरं वाटलं होतं.

जाण्याआधी मुळशीच्या धरणात सराव करायचा, अशी अट होती. गट चालवणारा माणूस कमी बोलणारा, सगळे त्याला दादा म्हणायचे. बाकी बहुतेक आयटीतले, एक डॉक्टर जोडपं, आणि एक काकी.

काकी महाळुंग्याच्या. शेतावर इमारतींचे टॉवर उभे राहिलेले, मुलगा-सून आपापल्या कामात. पौडच्या पुढं गाडीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. घरी नुसती थायलंडची सहल सांगितलीय, होडीचं काही बोललेच नाही, असं त्यांनी मला हळूच सांगितलं. अंगात नवाकोरा ट्रॅकसूट, मंगळसूत्र आत खोचलेलं. वल्हं मात्र असं मारायच्या की आम्ही तरुण मागं पडायचो. फक्त एक गोष्ट मला विचित्र वाटायची. त्या पाण्याला हात लावत नसत. होडी काठाला लागली की दोघांना धरायला लावून थेट कोरड्या दगडावर पाय टाकायच्या.

डिसेंबरात एकदा दादानं उलटायचा सराव ठेवला. आमच्या बंद कयाकमध्ये कमरेपर्यंत आत बसायचं आणि कमरेभोवतीचं रबरी कापड होडीच्या कडेला ताणून बसवायचं, म्हणजे पाणी आत येत नाही. होडी उलटली की माणूस डोकं खाली करून आत अडकतो. मग कापडाची समोरची पट्टी ओढायची, कापड सुटतं, आपण बाहेर. काकींनी गुडघ्याचं कारण काढलं. दादानं त्यांना उघडी होडी दिली, तिच्यात अडकायचा प्रश्नच नसतो.

त्या सकाळी पाण्यावर धुकं होतं. पलीकडचा डोंगर दिसत नव्हता. दादा डॉक्टरीणबाईंना धीर देत काठाजवळ उभा होता, मी कापड लावून होडीत माझ्या पाळीची वाट बघत होते. माझी टोपी पाण्यात पडली, ती उचलायला मी वाकले आणि उलटले.

आवाज एकदम बंद झाला. डोळ्यांसमोर हिरवट काळोख. मी पट्टी शोधू लागले आणि ती हाताला लागेना. घाईत मी ती कापडाखालीच दुमडली होती, हे नंतर कळलं. मी कडेवर नखं मारली, मग मुठी मारल्या. छाती फुटायला आली.

तेव्हा कुणीतरी माझं मनगट धरलं. ओढलं नाही. लहान मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं, तसा माझा हात सावकाश कडेनं सरकवत नेला. एका जागी कापड ढिलं होतं. तिथं माझी बोटं आत घातली आणि हात सोडून दिला. पाणी हाडं गोठवणारं होतं. तो हात गरम होता.

मी वर आले तेव्हा दादा माझ्याकडे पोहत येत होता, पण अजून बराच लांब होता. सगळ्यांत जवळ काकी होत्या. त्यांच्या होडीला धरून मी खोकत खोकत आभार मानले. त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले. बाह्या कोरड्या होत्या.

"मी पान्यात उतरलेच न्हाई," त्या म्हणाल्या.

काठावर चहा पिताना मी त्यांना हाताचं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "कंचा हात व्हता? उजवा का डावा?"

मला आठवेना. खूप आठवून पाहिलं, पण डावं-उजवं कळण्याच्या अवस्थेत मी नव्हतेच. मी तसं सांगितल्यावर त्यांची मान खाली गेली. जराशानं त्यांनी मला हे कुणाला बोलू नकोस म्हणून बजावलं. दादाला कळलं तर तो मला घाबरट समजून घरी बसवेल, आणि माझ्याशिवाय त्याही परदेशात जाणार नव्हत्या.

मी बोलले नाही. त्या रात्री आणि पुढं बरेच दिवस, भांडी घासताना, ऑफिसात कीबोर्डवर हात ठेवताना, मनगटाभोवती ती ऊब जाणवायची. भीती वाटायची असं नाही. पण बाथरूमचा नळ सुरू ठेवून मी डोळे मिटत नसे.

जानेवारीत आम्ही गेलो. समुद्र कोमट, हिरवा, त्यातून सरळ उभे निघालेले कातळ. एका कातळाच्या पोटात गुहा होती. तिच्या तोंडाशी एका मोटरबोटीची लाट आली आणि माझी होडी पुन्हा उलटली.

या वेळी पट्टी बाहेरच होती. हात पुढं केला असता तर लागली असती. पण मी हात पुढं केला नाही. मी वाट बघत राहिले. शांतपणे, मनगट जरा पुढं करून, कुणीतरी येणारच आहे अशी. कुणी आलं नाही. पाणी नाकात गेलं, तेव्हा कुठं मला कळलं की मी काय करतेय. मी पट्टी ओढली.

संध्याकाळी वाळूवर बसून मी हे काकींना सांगितलं. त्या रागावल्या. मग समुद्राकडे बघत बोलायला लागल्या. त्यांची मावशी मुळशीच्या काठावरच्या वाडीत होती. लहानपणी काकी आणि त्यांची धाकटी बहीण सुट्टीला तिथं जायच्या. एकदा गोधड्या धुताना धाकटीचा पाय घसरला. ती पुन्हा सापडलीच नाही.

"मी काठावर हुबी व्हते," त्या म्हणाल्या. "तिनं हात वर केला व्हता. डावा. समदं डाव्या हातानंच करायची ती."

 डावाच होता असं म्हणायला माझं मन झालं होतं. म्हटलं नाही.

परत आल्यावर गट पांगला. फोटो आले, कौतुक झालं, मग ग्रुप शांत पडला. मार्चमध्ये काकींचा फोन आला. म्हणाल्या, "माझं उलटायचं ऱ्हायलंय. तू चल."

दादाला त्यांनीच बोलावलं होतं. पाणी खूप मागं गेलं होतं, काठाचा चिखल वाळून भेगाळला होता, आणि त्यातून जुन्या बांधाचे दगड वर आले होते. ऊन कडक. काकी पहिल्यांदाच पाण्यात पाय घालून बंद कयाकपर्यंत चालत गेल्या. दादानं पट्टी दोनदा तपासली आणि शेजारी छातीभर पाण्यात उभा राहिला. मी दुसऱ्या बाजूला.

त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. एका अंगाला कलल्या आणि गेल्या.

होडीचं बूड वर आलं. बुडबुडे आले, मग थांबले. दादानं हात पुढं केला. आतून होडीवर दोन थापा पडल्या. सगळं ठीक आहे, अशी ती ठरलेली खूण होती. तो थांबला. मी थांबले. पाणी इतकं स्थिर झालं की त्यात मला माझा चेहरा दिसायला लागला. पुन्हा दोन थापा पडल्या, या वेळी फार हलक्या. दादानं माझ्याकडे पाहिलं आणि होडी सरळ करायला कडेला धरलं, तेवढ्यात काकी आपल्या आपण बाहेर आल्या. केस तोंडावर चिकटलेले, डोळे लाल.

त्यांना धरून काठावर आणताना मी हळूच विचारलं, कुणी आलं होतं का.

"न्हाई."

"मग एवढा वेळ?"

काकींनी ट्रॅकसूटची बाही पिळली. "मीच हात फुडं करून बसले व्हते," त्या म्हणाल्या. "आन थापा मी एकदाच मारल्या."