पानाचे मार्क

निमोण्यातले माझे शेजारी आप्पा पुण्याच्या बाजारात आपल्या रानातलं लेट्यूस विकतात आणि परतताना बर्गर खातात, दर वेळी नव्या हॉटेलात. अधूनमधून त्यांच्या पिकअपमध्ये मीही असतो. बर्गर आला की ते वरचा पाव उचलतात, लेट्यूसचं पान बाहेर काढतात आणि आधी ते नुसतंच चावतात. मार्क फक्त पानाला.

"चार. शिळं हाय. आपलं न्हाई, आपलं दाताखाली वाजतं."

"आप्पा, बर्गरलाही मार्क द्या की."

"त्येला कशापायी? पाव बेकरीचा, टिक्की डब्यातली."

विकलेला माल पुढे कुणाच्या ताटात जातो, हे त्यांना कधी कळलेलं नाही. लागण आणि काढणी करणारी त्यांची बायको दर फेरीला फोनवर एकच विचारते, "आपलं घावलं का?" ते खरं सांगतात, "न्हाई."

गेल्या आठवड्यात शेवटची फेरी होती. त्या रानात आता ऊस लावायचा आहे. वाघोलीतल्या हॉटेलात त्यांनी पाव उचलला, तर आत चिरलेला कोबी होता. ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. फोन वाजला, तो त्यांनी स्पीकरवर घेतला.

"घावलं का वो?"

"घावलं की. आपलंच हाय. धापैकी धा."



"मग समदं खावा," ती म्हणाली. "पान टाकू नगा."

त्यांनी फोन ठेवला, पाव मिटला आणि कोबीसकट सगळा बर्गर खाल्ला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.