ऑफ झाले

मी उंब्रजला घरी बसून कॉम्प्युटरवरून चिनी लोकांना इंग्रजी शिकवते. परवा ‘ऑफ’ हा शब्द होता. दिवा ऑफ, सुट्टी म्हणजे ऑफ, विमान उडतं ते टेक ऑफ. सगळं वहीत उतरवून घेणाऱ्या एका बाईंनी विचारलं, “तुमच्या गावात आणखी कशाला म्हणतात?” मी म्हटलं, “एवढंच.” खोटं बोलले.

आमच्याकडे माणूस ऑफ होतो. ‘मेला’ म्हणवत नाही, म्हणून.

माझे मिस्टर सैन्यात. दोन वर्षांपूर्वी ते सीमेवर असताना चार दिवस त्यांचा फोन लागेना. मी कराडला बाजारात गेले होते, तेवढ्यात सासूबाईंनी शेजारणीला युनिटचा नंबर लावायला सांगितला. पलीकडून कुणी जवान म्हणाला, “वो तो सुबह ही ऑफ हो गए.” म्हणजे ड्यूटी संपवून गेले.

मी आले तर दारात अख्खी गल्ली. सासूबाईंचा रडून गळा बसलेला. शेजारणीनं फोन लावल्याचं सांगत माझा हात धरला, नजर बांगड्यांवर.

“आवं थांबा! नेमकं काय म्हणाला त्यो?”

“ऑफ झालं म्हणाला गं!”

पिशवी खाली ठेवून मी तोच नंबर लावला. दहा मिनिटांनी मिस्टर झोपेतून उठून फोनवर आले. “एवढं कोण रडतंय? कोण गेलं?” स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं. शेजारचे आप्पा म्हणाले, “आयुष्य वाढलं की रं गड्या!” मग हशा, चहा.

सासूबाई हसल्या नाहीत. दिवाळीत मिस्टर आले, तेव्हा सासूबाईंनी सगळं त्यांच्या आवडीचं रांधलं. पण ताट हातात दिलं नाही. खाली ठेवून मागं सरकल्या.

“आई, बस की जवळ.”

“जेव बाबा. पोटभर जेव.”

सुट्टी संपवून ते परत गेले, त्या दिवशी सासूबाईंनी सुतक फिटताना धुतात तसं सगळं घर धुऊन काढलं. डॉक्टरांना दाखवून झालं, सासूबाईंना गोळ्या चालू आहेत. फरक नाही.

पुढच्या महिन्यात मिस्टर रिटायर होऊन कायमचे घरी येताहेत. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी तो सासूबाईंपुढं धरला. “घ्या, तुमचा लेक हाय.”

त्यांनी पदर तोंडाला लावला. “तूच बोल. गोड बोल, दुखवू नगंस त्येला. पर घरी ये म्हणू नगंस.”