दुर्लक्षित म्हणे!

समुद्राकाठच्या त्या जुन्या बागेत माळीकाकांनी बत्तीस वर्षं काढली होती आणि निवृत्तीला आता चार महिने उरले होते. खारा वारा पानं करपवायचा, बाकांचे खिळे खायचा, झोपाळ्यांच्या साखळ्या गंजवायचा. काका मुकाट्याने नवं रोप लावायचे, नवा खिळा ठोकायचे, साखळीला तेल द्यायचे. चार दिवसांनी पुन्हा तेच. वारा काही दमत नव्हता, काका मात्र पार दमले होते.

अशात एक मुलगी कॅमेरा घेऊन आली. बागेतल्या रोजच्या जगण्यावर तिला माहितीपट करायचा होता. पाहुणे येणार म्हणून काकांनी आदल्या दिवशी मोडक्या बाकाला हिरवा रंग फासला होता. ती नेमकी त्याच बाकावर टेकली आणि कपडे रंगले तरी हसली, म्हणून पोरगी काकांना आवडली. पण तिच्या वहीवर मोठ्या अक्षरांत माहितीपटाचं नाव होतं, ‘दुर्लक्षित’. ते वाचून काकांचं डोकंच फिरलं.

“दुर्लक्षित म्हणे! मग रोज सकाळी सहाला इथे लक्ष द्यायला कोण, तुझे मामा येत होते?”

“काका, तुम्हाला नाही हो म्हणत मी. वरच्या लोकांनी लक्ष दिलं नाही, म्हणून ते नाव.”

“वरचे लोक पडद्यावर दिसणार आहेत का? दिसणार मी. बघणारा मलाच नावं ठेवणार.”

तिचं काही चुकलं नव्हतं. पण बत्तीस वर्षं राबून माणसाच्या पदरात एक शब्द पडावा आणि तोही असला? काकांनी तिला एकच अट घातली. “एक अख्खा दिवस माझ्या मागे फिर. मग काय हवं ते नाव दे.”

ती फिरली. दुपारपर्यंत तिचे पाय गळून गेले. काका कमरेवर हात ठेवून या वाफ्यातून त्या वाफ्यात चाललेच होते. कठड्याजवळच्या जास्वंदीपाशी ते थांबले, करपलेलं पान खुडलं आणि हळूच म्हणाले, “काय गं, बरं वाटतंय का आज?” कॅमेरा चालू आहे हे ते विसरून गेले होते.

पुढे महिनाभर घरी जेवताना दुसरा विषय नव्हता. तो शब्द राहतो की जातो, बस. बायको वाढायची आणि ऐकून घ्यायची.

एका संध्याकाळी बागेतल्याच शेडमध्ये पडदा लावला. नाव बदललं होतं, ‘माळ्याचा दिवस’. काकांचा जीव भांड्यात पडला. शेजारी बायको होती. नवऱ्याबरोबर या बागेत ती आज पहिल्यांदाच निवांत बसत होती, कारण सुट्टीच्या दिवशीही इथे कुठला ना कुठला पाइप फुटलेला असायचा. जास्वंदीचा प्रसंग आला तेव्हा लोक कौतुकाने हसले. ती हसली नाही.

परतताना दोघं कठड्याच्या कडेने चालले होते. ती जपून, सावकाश पाऊल टाकत होती.

“काढला ना तिने तो शब्द?”

“काढला म्हणजे? मी काढायला लावला!”

“मग टाकून नका देऊ. आपल्या घरी चालेल.”

काकांना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे राग नव्हता, नुसता थकवा होता, त्यांच्याइतकाच जुना. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तिला हिरव्या बाकावर बसवलं, स्वतः शेजारी टेकले आणि जास्वंदीशी बोलायचे त्याच आवाजात विचारलं, “गुडघा कसा आहे गं आज?”

“कुठला?” ती म्हणाली.

काकांना सांगता आलं नाही.