सुतारकामात सर्वांना ‘अ’ श्रेणी

कासारवाडी स्थानकाच्या बाकावर ते रोज सकाळी माझ्या शेजारी बसत. शाळेत ते मुलांना सुतारकाम शिकवीत, निदान वेळापत्रकात तरी तसे लिहिलेले होते. बोलताना त्यांचा अंगठा बाकाच्या खडबडीत कडेवरून फिरत राही.

“हल्ली मुले काय बनवतात?” मी एकदा विचारले.

“काय न्हाई, काका. माझ्या तासाला गणिताचा सराव पेपर असतो. मी नुसती राखण करतो. एकानं बी खिळा ठोकला न्हाई, पण वर्षाअखेर सगळ्यांना ‘अ’ श्रेणी!” ते हसले.

मी संतापलो. “ही सरळसरळ खोटी नोंद आहे! मी शिक्षणाधिकाऱ्यांना लिहितो.”

“नका लिहू, काका. तास कागदावर हाय, म्हणून मी हाय.”

मी लिहिले, नियमांच्या आधारांसह. पंधरा दिवसांत उत्तर आले: सदर विषय वेळापत्रकातून वगळण्यात आला असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे. इतक्या तत्परतेने माझ्या पत्राची दखल आजवर कोणीही घेतली नव्हती.

त्यानंतर ते बाकावर दिसले नाहीत. क्षमेचे पत्र मी लिहून ठेवले आहे. त्यांचे नाव मात्र मी कधी विचारलेच नव्हते.