ऑडिओत न उतरलेले सूर

मागच्या वर्षी एका मंगळवारी दुपारी जेवून हे आडवे झाले. चहाच्या वेळी मी हाक मारायला गेले. ते उठले नाहीत.

अतर्क्य गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी कॉलेजात ग्रंथपाल होते. असले अनुभव छापणारी मासिकं माझ्याच हातून रॅकवर लागायची आणि मी ती न उघडता पुढे जायचे. आज स्वतःच लिहायला बसले आहे...

आमचं घर दिघोरीला, लाखांदूर तालुक्यात. हे धाकट्या भावाच्या, सुधाकर भावजींच्या, वरातीत वाजवणाऱ्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. पन्नाशीनंतर कान गेले — तेही सगळे आवाज एकदम नाही, उंच आवाज आधी. कुकरची शिट्टी, फोनची रिंग, मग क्लॅरिनेटचे वरचे सूर. एका वरातीत सुधाकर भावजींनी सगळ्यांसमोर त्यांच्या हातातून क्लॅरिनेट काढून घेतलं. "दादा, तू बसून राय. लोक हासून राहिले." त्यानंतर ह्यांनी वाद्याला हात लावला नाही.

लहानपणी एका बँडमास्तरांनी ह्यांना पाच रेघांवर सूर लिहायचं नोटेशन शिकवलं होतं. ते आता कामी आलं. लॅपटॉपवर नोटेशनचं सॉफ्टवेअर घेऊन हे स्वतःच्या चाली लिहू लागले. मी एकदा कागदावर लिहून विचारलं, ऐकू येत नाही तर समजतं कसं?

"दिसते ना मले," म्हणाले.

ह्यांच्या वर्षश्राद्धाला बँडवाले येणार होते. त्या वरातीत हसलेल्या माणसांना ह्यांची एक चाल तरी पूर्ण ऐकवायची, एवढंच मला हवं होतं. सॉफ्टवेअरमधली चालीची फाइल इतरांच्या फोनवर उघडत नाही, म्हणून तिचा ऑडिओ करायला घेतला. लॅपटॉपवर चाल नीट वाजली. एक्सपोर्ट करून फोनवर ऐकली, तर सूर वर चढला की क्लॅरिनेट गप्प. ढोल चालूच. सूर खाली आला की क्लॅरिनेट परत सुरू. आवाज बारीक झाला असं नव्हे... तिथे काहीच नव्हतं.

लाखांदूरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे लॅपटॉप घेऊन गेले.

"बराबर तं वाजून राहिली, मॅडम," तो म्हणाला. मग त्यानेच एक्सपोर्ट केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. सेटिंग बदललं. क्लॅरिनेटचा आवाज बदलून पाहिला. त्याच सॉफ्टवेअरमधली नमुन्याची धून एक्सपोर्ट केली, तिचे वरचे सूर नीट आले. शेवटी लॅपटॉपवर चाल लावून त्याने जवळ स्वतःचा फोन धरला आणि रेकॉर्ड केली. आम्ही दोघांनी वरचे सूर कानांनी ऐकले. रेकॉर्डिंगमध्ये ते नव्हते.

"असं होऊच शकत नाही," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी अंगणात लॅपटॉपला स्पीकर जोडला. वाटलं, रेकॉर्डिंग नाही तर नाही, हा तर सरळ आवाज आहे. पण स्पीकरवरही वरच्या सुरांना क्लॅरिनेट गप्प. बँडवाले एकमेकांकडे पाहू लागले. एक जण हसला. भावजी मात्र हसले नाहीत. पत्रावळीवर जेवता जेवता त्यांचा हात थांबला.

"वहिनी, हा तं दादाच होय," ते म्हणाले. "आखरी आखरीले असाच वाजवे. फुंके, बोटं बराबर चालवे, पण वरचा सूर निघेच ना. अन् त्याले ते समजे बी नाही. म्हणून हातातून घेतलं मी."

हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ह्यांनाही कोणी सांगितलं नसावं.

मी म्हटलं, "आत चला, भावजी. स्पीकर काढते. नुसत्या लॅपटॉपवर पूर्ण वाजते, एकदा ऐकून घ्या."

"आता काय आयकाचं, वहिनी. जेवण थंडं होऊन राहिलं." आणि त्यांनी भाजी मागितली.

आत्मा वगैरे मी म्हणणार नाही. आत्मा असता तर निदान स्वतःची चाल तरी त्याने पूर्ण वाजू दिली असती... असं मला वाटतं.

बँडवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी काही पाठवलं नाही. लॅपटॉपवर ह्यांच्या आठ चाली आहेत. तिथे त्या पूर्ण वाजतात. ऐकायला बँडमधलं अजून कोणी आलेलं नाही.