जस्ताच्या थरातलं कुंकू

बंगळूरला यशवंतपूरकडच्या एका संशोधन संस्थेत जयसिंगराव एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. शिक्षण सातवीपर्यंत, तेही कन्नडातून. घराणं मात्र मराठी, तीनशे वर्षांपूर्वी इथं येऊन राहिलेलं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्या संस्थेत मोठमोठे डॉक्टर आले, परदेशी जाऊन आले, हारतुरे घेऊन घेऊन जाड झाले. पण ओरखडा न पाडता काच धुवावी ती अण्णांनीच, आणि थेंब तापल्या काचेवर कसा चुरचुरतो ते ऐकून ताप ओळखावा तोही अण्णांनीच, हे सगळे खाजगीत कबूल करत. चारचौघांत कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

१९९३ साली नागपूरची उल्का प्रोफेसर भीमाचार्यांकडे पीएच.डी.ला आली. सौरघटासाठी काचेवर जस्ताच्या ऑक्साइडचा थर वाढवायचा, हा तिचा विषय. जस्ताचा क्षार पाण्यात विरघळवायचा, बाटलीत भरायचा आणि तिच्या तोंडाला लावलेल्या नळीतून तापलेल्या काचेवर फवारायचा. पाण्याची वाफ होते, ऑक्साइड काचेला धरून राहतं. थर केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. नीट जमला तर सूक्ष्मदर्शकाखाली ज्वारीच्या ताटांसारख्या सुया उभ्या दिसतात, उजेड आरपार जातो आणि वीजही वाहते. फवारणी अण्णांच्या हातची, मोजमाप उल्काचं.

प्रत्यक्ष फवारणी १९९६मध्ये सुरू झाली, आणि त्या ऑक्टोबरात दहा दिवस असे थर निघाले की भीमाचार्य जेवायचे विसरले. विजेला वाट मिळत होती ती नेहमीच्या कितीतरी पट. उल्कानं लेख लिहिला आणि तिसरं नाव अण्णांचं घातलं. सहायकाचं नाव लेखावर? भीमाचार्यांनी भुवया उंचावल्या, पण पोरगी हटून बसली. लेख परदेशी नियतकालिकात छापून आला. अण्णांना इंग्रजी जेमतेम लागायचं, पण ‘पी. जयसिंगराव’ एवढं वाचता आलं. बनशंकरीतल्या घरी त्यांच्या बायकोनं, कृष्णाबाईंनी, ते पान काचेत बसवलं. येईल त्याला चहाआधी ते दाखवलं जाई, आणि अण्णा तेवढ्यापुरते उगाच आत पाणी प्यायला जात.

त्यानंतर मात्र वर्षभर तसा थर निघाला नाही. तीच काच, तोच क्षार, तोच हात. दोन ठिकाणांहून पत्रं आली की तुमचं लिहिलेलं आम्हाला जमत नाही. प्रबंधाचा मुख्य अध्याय त्या दहा दिवसांवर उभा होता. उल्का दिवसेंदिवस सुकत चालली आणि भीमाचार्य कुणावरही खेकसू लागले.

९७ची आयुधपूजा आली. बंगळूरात त्या दिवशी कारखान्यातल्या लेथपासून रिक्षापर्यंत प्रत्येक हत्याराला गंधकुंकू लागतं, फाटकाशी कोहळा फुटतो. प्रयोगशाळाही त्यातून सुटत नाही. भीमाचार्यांची संध्या सुटून पंचवीस वर्षं झाली होती, पण पूजेच्या पेढ्यांना त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. अण्णांनी भट्टीला, तराजूला, फवाऱ्याच्या बाटलीला मन लावून कुंकू लावलं. मनात एकच मागणं होतं, पोरीचं काम होऊ दे.

पूजेनंतर काम सुरू झालं आणि पहिल्याच काचेवर तो थर निघाला. उल्का अक्षरशः नाचली. बाटली धुताना अण्णांना मात्र दिसलं, तोंडाशी लावलेलं कुंकू ओलं होऊन एक तांबूस ओघळ आत उतरला होता.

शनिवारी कुणी नसताना त्यांनी दोन बाटल्या घेतल्या. एक लखलखीत धुतलेली, एक कुंकू लावलेली. पहिलीचा थर उल्काच्या मीटरवर नेहमीसारखा, वीज न सोडणारा. दुसरीचा तो. तीनदा केलं, तीनदा तेच. गेल्या वर्षीचे ते दहा दिवसही पूजेनंतरचेच, हे आठवायला त्यांना वही लागली नाही.

डिसेंबरात अण्णा निवृत्त होणार होते, नोव्हेंबरात उल्काचा प्रबंध जाणार होता. रोज सकाळी बाटलीच्या तोंडाला एक बोट कुंकू लागलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. रविवारी अण्णांनी घरी सगळं सांगितलं.

“गप बसा की,” कृष्णाबाई म्हणाल्या. “एवढं नाव छापून आलंय, ते जातंय न्हवं?”

“नाव माझं. वर्ष पोरीचं जातंय,” अण्णा म्हणाले. “पण खोटं तिच्या नावावर कसं चढवू?”

मंगळवारी ते भीमाचार्यांच्या खोलीत गेले. उल्का समोरच बसली होती. “सर, स्वल्प बोलायचंय. ते थर माझ्या हातचे न्हवं. मी बाटलीला कुंकू लावलो, ते आत उतरलं.”

“कसलं कुंकू?”

“घरचं. हळद, तुरटी, लिंबू. बायको करते.”

“तुरटी,” भीमाचार्य हळूच म्हणाले. “म्हणजे ॲल्युमिनियम. थरात लेशभर शिरलं तरी वीज वाहू लागते.” मग उल्काला म्हणाले, “लेख मागे घ्यावा लागेल. ॲल्युमिनियम मोजून घालायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं.”

“अण्णा, माझं अख्खं वर्ष गेलं हो,” उल्का म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

“होय अक्का,” अण्णा म्हणाले. “गेलं.”

दोन दिवसांनी भीमाचार्यांच्या खोलीत लेख मागे घेण्याचं पत्र तयार झालं. त्यावर तिघांच्याही सह्या लागणार होत्या. अण्णांनी उल्काला ते मराठीत सांगायला लावलं. प्रयोगशाळेत शिरलेल्या अशुद्धीमुळे निष्कर्ष चुकीचे ठरले, असा मजकूर होता.

“माझं नाव कुठाय त्यात?”

“सरांनीच घालू नको म्हटलं,” उल्का म्हणाली. “निवृत्तीच्या तोंडावर तुम्हाला त्रास नको. आणि अण्णा, मलाही ते लिहवत नाहीये.”

“चांगलं छापताना घातलात की माझं नाव,” अण्णा म्हणाले. “आता चुकी सांगताना काढू नका. मी केलो ते. तसं लिहा, मग सही करतो.”

उल्कानं भीमाचार्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ती संगणकाशी बसली, अर्ध्या तासात नवा कागद घेऊन आली, आणि ‘पी. जयसिंगराव’ कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखवलं. त्या दोघांच्या इंग्रजी सह्यांखाली अण्णांनी हजेरीपटावर करत तशी कन्नडात, एकेक अक्षर जपून सही केली. लेख छापायला पाठवताना त्यांची सही कुणी मागितली नव्हती.